खोक्यांचं मखर

आमच्या मंडळात गणपतीच्या जुन्या गोष्टी निघाल्या की कोणीतरी हमखास वितळलेल्या मखराची आठवण काढतं. मग मी उठतो आणि चहाचं पाणी ठेवायला किचनमध्ये जातो. हे बरीच वर्षं चाललं आहे. लोकांना वाटतं, काकूंची आठवण आली म्हणून काका उठले. ते आवाज खाली आणतात, विषय बदलतात. मी कप घेऊन परत येतो तेव्हा क्रिकेटवर बोलणं चाललेलं असतं.

ती गोष्ट सगळे अशी सांगतात: काकूंनी टाकाऊ खोक्यांचं आणि थर्माकोलचं मखर केलं, त्याला चुकीचा रंग मारला, ते आदल्या दिवशी वितळलं, आणि काकांनी आपलं जुनं प्लायवुडचं मखर काढून मंडळाची अब्रू राखली. यातलं घडलेलं सगळं खरं आहे. फक्त तो रंग चुकीचा आहे हे मला आधीपासून माहीत होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, माझ्या मुलीलाही नाही. माझी बायको आता नाही. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने हे आणखी किती दिवस पोटात ठेवायचं, म्हणून लिहितो आहे.

इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, मी मोटारींच्या कारखान्यात रंगखात्यात होतो. पत्र्यावर रंगाचा स्प्रे मारणं, तो वाळवणं, त्यात एक बारीक धूलिकणसुद्धा राहिला असेल तर तो हुडकणं, यात माझं सगळं आयुष्य गेलं. कारखाना आवरता घेतला तेव्हा मीही घरी बसलो. हातात थोडे पैसे होते, वेळ भरपूर होता. गॅरेजमधून गाडी बाहेर काढली, तिथे लाकूडकामाचं टेबल लावलं, करवतीचं मशीन आणलं. मंडळाच्या गणपतीचं मखर त्याआधीपासून मीच करत होतो. प्लायवुडचं, घडीचं, पितळी बिजागऱ्यांचं. ते उचलायला चार माणसं लागायची आणि मला त्याचाही अभिमान होता.

घरी राहायला लागल्यावर पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की हे घर मी समजत होतो तसं नव्हतंच. ते बायकोने खोक्यांवर उभं केलेलं होतं. दुधाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या तिरप्या कापून तिने पिठासाठी पळ्या केल्या होत्या. मूठ आयतीच होती. नाश्त्याच्या सीरियलची खोकी कोपऱ्यातून कापून त्यांना जुन्या साडीचं कापड लावलं होतं, त्यात बिलं आणि बँकेचे कागद. अंड्यांच्या ट्रेमध्ये बांगड्या. मश्रूमच्या निळ्या ट्रेमध्ये, खिडकीच्या कट्ट्यावर, मेथी आणि कोथिंबीर. वेफर्सच्या उभ्या नळकांड्यात विणायच्या सुया. मी इतकी वर्षं शिफ्ट करून यायचो, जेवायचो, झोपायचो. यातलं काहीच मला दिसलेलं नव्हतं.

आधी मी हसायचो. "घर आहे की रिसायकलिंग सेंटर?" असं पाहुण्यांसमोर म्हणायचो. ती म्हणायची, "बोला, बोला. तुमची बिलं मीच शोधून देते ना?"

एका हिवाळ्यात तिने बाथरूमच्या काचेवर पाणी मारलं आणि फुगे असलेलं ते पॅकिंगचं प्लास्टिक चिकटवलं. मी म्हणालो, "हे काय, काचेला स्वेटर?" ती म्हणाली, "हो. तुम्हालाच थंडी वाजते ना आंघोळीला?" दुसऱ्या दिवसापासून बाथरूम खरंच उबदार लागायला लागलं. मी ते कबूल केलं नाही. उलट म्हणालो की हीटिंग कोणीतरी वाढवलेलं दिसतंय.

एकदा ती बाहेर गेलेली असताना मी तिच्या ड्रॉवरमधले बुटाच्या खोक्यांचे कप्पे स्टीलच्या पट्टीने मोजले. काटकोनात नव्हते. मला बरं वाटलं. मग मी ड्रॉवर लावला आणि तो अगदी सहज लागला. त्या क्षणी मला स्वतःचीच शरम वाटायला हवी होती. मला राग आला.

त्या सुमाराला पुण्या-मुंबईकडची सॉफ्टवेअरवाली तरुण मंडळी कॉव्हेंट्रीत बरीच यायला लागली होती. भाड्याची घरं, दोन बॅगा, आणि घरात काहीच नाही. मंडळाच्या ओळखीने ती आमच्याकडे यायची. त्यातली एक मुलगी आमच्या किचनमध्ये उभी राहून पीठ चाळत होती. ती म्हणाली, "काकू, ही पळी कुठे मिळाली? मला टाउनमध्ये दिसलीच नाही."

"ओळख."

"मार्केटमधून?"

"दुधाची बाटली गं. कालच रिकामी झाली."

ती मुलगी इतकी हसली की पीठ ओट्यावर सांडलं. पुढच्या शनिवारी ती दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्याच्या पुढच्या शनिवारी पाचजणी होत्या आणि एकीचा नवराही होता. एरवी लोक घरी येताना पेढे आणतात, आमच्याकडे रिकामी खोकी घेऊन यायला लागले. जुने जाडजूड टीव्ही जाऊन नवे पातळ टीव्ही घरोघर येत होते. त्या टीव्हींबरोबर येणारा थर्माकोल बसमधून कवेत घेऊन लोक आमच्या दारात उभे राहायचे.

मी गॅरेजचं दार मुद्दाम उघडं ठेवायचो. मशीन चालू ठेवायचो. लाकडाचा भुसा दारापर्यंत उडत असायचा. कोणीतरी थांबावं, म्हणावं, काका काय करताय, एवढीच अपेक्षा होती. लोक हात करायचे आणि पुढे जायचे. एकदा एकजण थांबला. मी मशीन बंद केलं, गॉगल काढला.

तो म्हणाला, "काका, सेलोटेप आहे का? काकूंनी मागितलाय."

मी सेलोटेप दिला. तो गेल्यावर मशीन पुन्हा चालू केलं आणि कापायला काही नव्हतं तरी एक फळी कापली. आतून बायको आली. हातात कात्री, केसांत थर्माकोलचे पांढरे दाणे. "अहो, जरा थांबवता का? आतमध्ये काही ऐकू येत नाहीये."

"माझ्या घरात मी मशीन लावायचं नाही?"

"लावा की. अर्ध्या तासाने लावा." असं म्हणून ती हसत आत गेली, कारण आत कोणीतरी काहीतरी विनोद केला होता. तो मला ऐकू आला नव्हता.

त्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मी अक्रोडाच्या लाकडाची एक पेटी केली. विणायच्या सुयांसाठी. कोपरे एकमेकांत गुंतवलेले, एकही खिळा नाही. चार दिवस पॉलिश. तिने ती हातात घेतली, वास घेतला, डोळे भरून आले तिचे. मग फायरप्लेसच्या वर मधोमध ठेवली. सुया मात्र वेफर्सच्या नळकांड्यातच राहिल्या.

मी महिनाभर वाट पाहून विचारलं. ती म्हणाली, "इतकी सुंदर आहे हो, वापरून कशाला खराब करू?"

तिने हे मनापासून म्हटलं होतं, हे आज मला कळतं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, की माझं काम शोभेचं आहे आणि तिचं कामाचं आहे.

मग मंडळाची मीटिंग झाली. आमची सेक्रेटरी तेव्हा एक पुण्याची मुलगी होती, बोलायला गोड आणि कामाला पक्की. ती म्हणाली, "काका, राग मानू नका हं. पण तुमचं मखर उचलायला माणसं कुठून आणायची? आमच्या सगळ्यांच्या पाठी दिवसभर कंप्युटरपुढे बसून गेल्यात. गेल्या वर्षी ते हॉलच्या पायऱ्यांवरून चढवलं, तर एकजण चार दिवस सिक लीव्हवर होता."

सगळे हसले. मीही हसलो.

"तर या वर्षी हलकं काहीतरी करूया का? काकू, तुम्ही कराल?"

बायको घाईने म्हणाली, "मी? छे गं. मी आपली खोकी कापते. मखर म्हणजे ह्यांचं काम." आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हटलं असतं तर तिने खरंच केलं नसतं. पण तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं. तिला करायचं होतं. इतक्या वर्षांत चारचौघांसमोर तिने काही मागितलं नव्हतं, आणि आत्ताही ती मागत नव्हती, फक्त बघत होती.

मी म्हणालो, "करू दे की. थर्माकोलचंच तर आहे."

तो सगळा उन्हाळा आमच्या मागच्या खोलीत ते मखर उभं राहत होतं. टीव्हीच्या खोक्यात दोन्ही बाजूंना थर्माकोलचे जे मोठे साचे येतात, त्यांना आत खाचा असतात, पायऱ्या असतात, कोनाडे असतात. आपण ते उचलून बिनमध्ये टाकतो. तिने ते उलटे उभे करून एकमेकांशेजारी ठेवले, आणि मला दारातून एकदम देऊळ दिसलं. कोनाड्यांमागून कोनाडे, वर पायऱ्यापायऱ्यांचं शिखर. तिने काही जास्त कापलंसुद्धा नव्हतं. ते त्यात आधीपासूनच होतं आणि फक्त तिला दिसलं होतं. नालीदार पुठ्ठ्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतल्या पन्हळी उघड्या पडतात, त्या पुठ्ठ्याचे तिने खांब गुंडाळले. अंड्यांच्या ट्रेचे टोकदार उंचवटे कापून त्यांची कमळं केली. बैठकीला आणि मागच्या भिंतीला पांढऱ्या गोंदाने कागदाचे थर दिले. शिखर आणि कोनाडे मात्र तसेच ठेवले, कारण कागदाने त्यांची धार गेली असती.

मी येता-जाता बघायचो. चूक शोधायचो. ती विचारायची, "कसं वाटतं?" मी म्हणायचो, "डाव्या बाजूला झुकलंय." ती खाली एक पुठ्ठ्याचा तुकडा सरकवायची. "आता?" आता सरळ असायचं.

मी आयुष्यभर रंगाचं काम केलं, दहा-बारा मखरं केली. माझी मखरं सुबक होती. पण बघणाऱ्याचे हात आपोआप जोडले जावेत असं त्यांत काही नव्हतं. तिच्या मखरात अजून मूर्ती नव्हती, तरी कोनाड्यासमोरून जाताना माझा मीच क्षणभर थांबायचो. आणि त्या थांबण्याबद्दल मला तिचा राग यायचा.

परदेशात आमचे गणपती तिथी बघून बसत नाहीत, शनिवार बघून बसतात. त्या शनिवारच्या आधीचा शुक्रवार. नाश्ता झाला होता. तिने शिखराला ब्रशने पिवळा पोस्टर रंग लावून पाहिला होता आणि ती हिरमुसली होती.

"सोन्यासारखं दिसायला हवं. हे हळदीसारखं दिसतंय हो."

मी पेपर वाचत होतो.

"तुमच्या गॅरेजच्या फळीवर ते सोनेरी स्प्रेचे डबे आहेत ना, तुमच्या मखराच्या कळसासाठी आणलेले? ते मारू का ह्याच्यावर? चालेल ना?"

इथे मला नीट लिहायचं आहे. ज्याने रंगखात्यात महिनाभर काम केलं आहे, त्या कोणालाही हे माहीत असतं. त्या स्प्रेमध्ये जो पातळ करणारा द्रव असतो, तो थर्माकोलला खातो. पत्र्यावर बसतो, लाकडावर बसतो, थर्माकोलवर मारला की थर्माकोल डोळ्यांदेखत आत जातो. कारखान्यात एकाने चहाच्या थर्माकोलच्या कपात थिनर ओतलं होतं आणि कपाचा तळ त्याच्या बुटावर पडला होता. आम्ही सगळे कितीतरी दिवस त्याला चिडवत होतो. म्हणजे मला विचार करायचीही गरज नव्हती. डब्याच्या मागे बारीक अक्षरात तसं छापलेलंही होतं. तिने ते वाचलं नाही, कारण वाचायची गरज काय? घरात मी होतो.

मी पेपरमधून मान वर न करता म्हणालो, "चालेल. नीट हलवून घे."

नंतर मी स्वतःला खूप समजावलं. कागद लावलेल्या भागावर तो रंग टिकला असता, मला वाटलं सगळीकडे कागद लावलाय. खोटं आहे. शिखर उघडं आहे हे मी उन्हाळाभर रोज पाहत होतो. मला वाटलं, थोडंसं खराब होईल, एखादा कोपरा, मग ती मला हाक मारेल, मी जाऊन सावरेन. हे कदाचित थोडं खरं असेल. तिने मला हाक मारावी असं मला फार वाटत होतं. पण मग मी घरात थांबलो असतो. मी थांबलो नाही. कोट चढवला, लायब्ररीत जातो म्हणालो, आणि बसमध्ये बसलो.

मी लायब्ररीत गेलोच नाही. शेवटच्या स्टॉपपर्यंत गेलो, त्याच बसने परत आलो, पुन्हा गेलो. ड्रायव्हरने विचारलं, "ऑल राइट, मेट?" मी ऑल राइट म्हणालो.

परत आलो तेव्हा ती मागच्या बागेत, उलट्या ठेवलेल्या क्रेटवर बसली होती. समोर गवतावर ते सगळं होतं. बैठक आणि मागची भिंत झगझगीत सोनेरी, अगदी तिला हवी होती तशी. आणि वरचं शिखर, कोनाडे, पाडव्याच्या साखरेच्या गाठीला पाणी लागावं तसे विरघळून, खड्डे पडून एकमेकांवर झुकले होते. तिची बोटं सोनेरी झाली होती. खाली बसणारं काहीतरी हाताने धरून ठेवायचा तिने प्रयत्न केला असणार.

मला पाहून ती उठली. मला वाटलं, आता विचारेल. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं धरून बसलो आहे.

ती म्हणाली, "माझंच चुकलं हो. तुम्ही हलवून घे म्हणालात, मी हलवला. पण फार जवळून मारला असेन."

मी म्हणालो, "असू दे."

संध्याकाळी सेक्रेटरी आली. तिने ते पाहून तोंडावर हात ठेवला. बायकोच तिची समजूत घालत होती. "अगं, ह्यांना विचारून केलं असतं नीट, तर झालं नसतं. मीच घाई केली." तिने मला विचारलं होतं. मी शेजारी उभा होतो. तिने माझ्यासमोर माझी बाजू घेतली, आणि मी ती घेऊ दिली.

मग ठरलं की माझंच मखर न्यायचं. चार माणसं जमवली, गेल्या वर्षी पाठ धरलेला तोही आला. शनिवारी गणपती प्लायवुडमध्ये बसले. आरती झाली, प्रसाद झाला, आणि सेक्रेटरीने माइक घेतला. "काका नसते तर आज बाप्पांना टेबलावर बसावं लागलं असतं! जुनं ते सोनं म्हणतात ते काही उगाच नाही." टाळ्या पडल्या. मला शाल दिली, नारळ दिला. इतकी वर्षं मखर केलं, पण शाल त्याच वर्षी मिळाली. समोर पहिल्या रांगेत बायको टाळ्या वाजवत होती. नखांच्या कडांना सोनेरी रंग अजून होता.

आणि मला आनंद झाला. हेही लिहायलाच हवं. त्या क्षणी, शाल खांद्यावर असताना, मला खरोखर आनंद झाला.

गाडीत ती म्हणाली, "बरं झालं, तुमचं जपून ठेवलं होतं."

त्यानंतर तिने एकही वस्तू केली नाही. भांडण नाही, रडणं नाही. शनिवारी मुली यायच्या, खोकी घेऊन यायच्या. ती म्हणायची, "आता नको गं, ठेवायला जागा नाही." हळूहळू त्यांचं येणं कमी झालं. एका रविवारी तिने मला गाडी काढायला लावली आणि सीरियलची खोकी, बुटांची खोकी, अंड्यांचे ट्रे, सगळं कौन्सिलच्या टिपवर, कचरा डेपोत, टाकून दिलं. येताना दुकानातून झाकणांचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे आणले, एका मापाचे. सुया माझ्या अक्रोडाच्या पेटीत गेल्या. मला हवं होतं ते सगळं मिळालं. गॅरेजचं दार उघडं असायचं आणि रस्त्यावरून कोणीच आत येत नव्हतं, ना तिच्याकडे, ना माझ्याकडे.

मुलगी सुट्टीत आली तेव्हा म्हणाली, "आई, घर किती वेगळं दिसतंय! तुझं ते सगळं क्राफ्ट कुठे गेला?" तिचं मराठी असंच आहे, इथलं. बायको म्हणाली, "वय झालं गं. हात चालत नाही आता." तिचा हात चांगला चालत होता. रोज माझ्यासाठी पोळ्या लाटत होता.

मी एकदाच प्रयत्न केला. एका संध्याकाळी आम्ही टीव्ही बघत होतो. कुठल्याशा कार्यक्रमात मुलं खोक्यांचं घर करत होती. तिने रिमोट उचलला. मी म्हणालो, "त्या स्प्रेचं तुला एक सांगायचं होतं."

"सोडा हो ते," ती म्हणाली. "किती दिवस झाले. मला रंगातलं काय कळतं? मी त्या भानगडीत पडायलाच नको होतं." आणि तिने चॅनेल बदललं.

तेव्हा मी थांबायला नको होतं. तिचा हात धरून रिमोट बाजूला ठेवायला हवा होता. पण माझ्या मनात आलं, तिचं तिने मिटवलंय, मी कशाला उकरून काढू. मला सोयीचं होतं ते मी तिच्या भल्याचं समजलो. आपल्याला यातलं काही कळत नाही, असं मानून ती उरलेली सगळी वर्षं जगली, आणि ते खोटं आहे हे सांगू शकणारा एकच माणूस रोज तिच्या समोर बसून जेवत होता.

ती एका सकाळी अचानक गेली. आजारपण नाही, हॉस्पिटल नाही, बोलून घ्यायला एखादी दुपारसुद्धा नाही. तिच्या फोटोसमोर मी बोलायचा प्रयत्न करून पाहिला आहे. जमत नाही. फोटो सगळंच माफ केल्यासारखा दिसतो. म्हणून जे तिला सांगायचं होतं ते इथे लिहितो. इतकंच होतं. सांगायला एक मिनिटही लागलं नसतं.

अगं, तू विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. तू जवळून मारला नाहीस, घाईही केली नाहीस. तुझं काहीच चुकलं नाही. तुझं मखर माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं, आणि मला ते बघवत नव्हतं. मला माफ कर.